रवींद्रच्या डोळ्यांखाली

रवींद्र खळदकरच्या आईची मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली आणि तिला सगळं लख्ख दिसायला लागलं. चिंचवडच्या फ्लॅटमधल्या पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या नाकाचा शेंडा झिजलाय, हे दिसलं. समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त मास्तर केसांना कलप लावतात, हेही दिसलं. आणि पट्ट्या निघाल्यावरच्या पहिल्याच रविवारी व्हिडिओ कॉलवर न्यूझीलंडमधला मुलगा दिसला.

"रवी, तुझ्या डोळ्यांखाली काय झालंय रे?"

"कुठे काय? उजेड तसा पडलाय."

"उजेडानं काळं होतं का कधी? जरा पुढे ये बघू."

रवींद्र पुढे येण्याऐवजी मागे सरकला. "आई, नेट नीट चालत नाहीये," म्हणाला आणि फोन सुलभाच्या हातात दिला. सुलभानं सासूबाईंना थेंब वेळेवर घालताय ना, टीव्ही जवळून बघत नाही ना, असं काहीबाही विचारत वेळ मारून नेली. पण फोन ठेवता ठेवता आई म्हणालीच, "त्याला बरं नाही का गं? खोल गेलेत डोळे."

खोल गेलेच होते. वेलिंग्टनमधल्या ज्या सरकारी खात्यात रवींद्र इतकी वर्षं काम करत होता, तिथे दोन विभागांचा एक विभाग झाला आणि त्या उलथापालथीत त्याची जागाच उरली नाही. सगळं अगदी सभ्यपणे झालं. मीटिंगमध्ये चहा होता, केक होता, आणि त्याच्या कामाबद्दल चार शब्द बोलणारी माणसं खरंच हळहळत होती. दुसऱ्या सोमवारी मात्र घराजवळच्या जॉन्सनव्हिल स्टेशनवरून नेहमीची गाडी त्याच्याशिवाय गेली. ते महिनेच तसे होते. शहरात कितीतरी माणसं एकाच वेळी तीच कामं शोधत फिरत होती, त्यातली बरीचशी त्याच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान.

रवींद्रचा स्वभाव मुळात मागे राहणाऱ्याचा. मराठी मंडळाच्या गणपतीत स्टेजवर कोण आहे ते सगळ्यांना आठवतं. माइक वेळेवर सुरू कसा झाला, ते कोणालाच आठवत नाही. तो सुरू करणारा माणूस म्हणजे रवींद्र. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाच्या आईवडिलांच्या व्हिसाचा अर्ज कॉम्प्युटरवर चढेना, की लोक त्याला फोन करायचे आणि तो जायचा. नोकरी गेल्यावर त्यानं फोन उचलणं कमी केलं. "काय, कसं चाललंय?" एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येईना.

घरी सुलभाला आणि मुलीला, ओवीला, सगळं ठाऊक होतं. आईला मात्र सांगितलं नव्हतं. तो सांगणारही होता, पण बहिणीनं, नीतानं, फोन करून थांबवलं. "दादा, आत्ता नको. ऑपरेशन तोंडावर आलंय आणि बीपी वरखाली होतंय. ती तुझ्या काळजीनं झोपणार नाही. आधी डोळे होऊ देत." एक डोळा झाला. मग नीता म्हणाली, दुसराही होऊ दे. मग रवींद्रलाच वाटायला लागलं, आता काय सांगायचं, काम मिळालं की दोन्ही गोष्टी एकदमच सांगू. असं करत करत कडाक्याची थंडी सुरू झाली, आणि झोप न लागणारा माणूस स्वतः रवींद्रच होऊन बसला.

पुढच्या रविवारी दुपारी, कॉलच्या जरा आधी, तो बाथरूममध्ये आरशासमोर उभा होता. हातात सुलभाची कन्सीलरची नळी होती. डोळ्यांखालचं काळं झाकायला बायका हे लावतात, एवढं त्याला माहीत होतं. भिंतीला पुट्टी लावावी तसं त्यानं ते दोन्ही बाजूंना लावलं. सुलभा त्याच्यापेक्षा बरीच गोरी. तिचा रंग त्याच्या कातडीवर बसला तो राखाडी होऊन. काळं होतं तिथे आता करडं झालं, आणि माणूस जास्तच आजारी दिसायला लागला. पुसावं तर ते पसरत होतं.

दार नीट लागलेलं नव्हतं. ओवी टॉवेल घ्यायला आली आणि उंबऱ्यातच थांबली.

ओवी सतरा वर्षांची. जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. गेल्या वर्षा-दोन वर्षांत बापलेकीचं बोलणं "जेवलीस का?" आणि "येप" यांच्यापलीकडे फारसं जात नव्हतं. भांडण नव्हतं कसलंच. ती तिच्या खोलीत, हा त्याच्या लॅपटॉपसमोर, असंच होऊन गेलं होतं.

"बाबा, व्हॉट आर यू डूइंग?"

रवींद्रनं नळी खाली ठेवली. खोटं बोलायला काहीतरी सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. "आजीला आता सगळं दिसतं," तो म्हणाला. "ती विचारते."

ओवीनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "दॅट्स द राँग शेड," एवढंच म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. परत आली ती हातात एक छोटी पिशवी घेऊन. "फेस धू. आणि इकडे बस, विंडोपाशी."

न्यूझीलंडमध्ये ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे त्यांच्या घरात उत्तरेकडची खोली तेवढी उन्हाची. तिथल्या खिडकीपाशी तिनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर स्टुलावर बसली. आधी क्रीम लावलं. मग एका डबीतला नारिंगी रंग बोटावर घेतला. रवींद्र दचकला.

"हे काय, केशरी?"

"ट्रस्ट मी. आपल्या स्किनवर डायरेक्ट लाइट कलर लावला की ग्रे होतो. फर्स्ट ऑरेंज, मग स्किन कलर. काळं कॅन्सल होतं." आपण इतकं मराठी एका दमात बोललो, हे तिच्या लक्षात आलं नाही; त्याच्या आलं. "लूक अप. नो, डोकं नाही, फक्त आइज."

ती करंगळीशेजारच्या बोटानं हलके हलके थापटत होती. घासायचं नाही, थापटायचं, तिनं सांगितलं. ती बालवाडीत असताना याच माणसाच्या गालांवर दोन्ही हात ठेवून "बाबा, माझ्याकडे बघ" म्हणायची. त्यानंतर तिनं त्याच्या चेहऱ्याला हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याचे डोळे भरून यायला लागले.

"डोंट क्राय, इट्स नॉट सेट येट," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आर यू स्केर्ड?"

"हो."

"हीप्स? खूप?"

"हीप्स," रवींद्र म्हणाला.

ब्रशवर थोडी पावडर घेऊन तिनं दोन्ही डोळ्यांखाली फिरवली आणि मागे होऊन पाहिलं. "स्वीट ॲज. एकदम मस्त. आता कर कॉल."

त्या दिवशी आई मोबाइल नाकाला लावून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आज बरा दिसतोस. झोप झाली वाटतं."

मग दर रविवारी हे ठरूनच गेलं. जेवणं झाली, भांडी आवरली की ओवी पिशवी घेऊन यायची आणि खिडकीपाशी खुर्ची ओढायची. सुलभा डे-केअरमध्ये लहान मुलांना सांभाळते. आठवडाभर दहा-बारा पोरांच्या रडण्याओरडण्यात राहून रविवारी दुपारी ती जरा आडवी व्हायची. तिला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, सरळ सांगून टाक ना आईंना." पण खिडकीतली ती दोघं पाहिल्यावर तिनं तो विषय तेवढ्यापुरता सोडला. दारातून नुसती बघायची आणि परत जाऊन पडायची.

डोळे मिटून किंवा छताकडे लावून बसलेल्या माणसाला बोलणं सोपं जातं. रवींद्र ओवीला कधी न सांगितलेल्या गोष्टी सांगायला लागला. पहिल्यांदा वेलिंग्टनला उतरला तेव्हा वाऱ्यानं त्याची टोपी उडाली आणि ती थेट समुद्रात गेली, ते सांगितलं. सकाळी अर्ज पाठवतो आणि दुपारपर्यंत नकार येतो तेव्हा कोणी तो वाचला तरी असेल का, असं वाटतं, तेही सांगितलं. तीही सांगायची. तिच्या वर्गातली एक सामोअन मुलगी तिच्या ऑन्टीकडून हे नारिंगीचं शिकली आणि तिनं ओवीला शिकवलं. ओवीच्याही डोळ्यांखाली तसंच काळं होतं, खळदकरांच्या घराण्यातलं. शाळेत एकानं तिला विचारलं होतं, तुला कोणी ठोसा मारला का. तेव्हापासून ती रोज लावत होती. रवींद्रला हे कधी दिसलंच नव्हतं.

"मला वाटायचं, तुझे डोळे आजीसारखे सुंदर आहेत," तो म्हणाला.

"दे आर," ती म्हणाली. "बट स्टिल."

तिकडे चिंचवडमध्ये आईची तर खात्रीच पटली होती. "तिकडची हवा मानवली बघ तुला," ती म्हणायची. "चेहऱ्यावर तेज आलंय." खाली बाकावर बसणाऱ्या बायकांना तिनं मुलाचा फोटोही दाखवला, स्क्रीनवरून काढलेला. नीता हे फोनवर सांगताना हसली, पण रवींद्रला हसू आलं नाही.

वसंत लागता लागता एका मोठ्या कार्यालयातून त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. खूप महिन्यांनी कोणीतरी समोर बसून बोलणार होतं. मुलाखतीच्या दिवशी ओवीनं शाळेत जाण्याआधी, युनिफॉर्मवरच, त्याचे डोळे केले. सुलभानं टाय नीट केला. तो गाडीनं शहरात गेला.

स्टेशनबाहेर पडला तेव्हा दक्षिणेचा वारा सुटला होता आणि पाऊस आडवा येत होता. अशा दिवशी वेलिंग्टनमध्ये छत्री उघडणारा माणूस नवखा समजावा. तो मान खाली घालून भिजत गेला, इमारतीच्या दारात थांबून रुमालानं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि वर गेला.

तिघं होते. त्यांतल्या एक वयस्कर माओरी बाई मधे बसल्या होत्या. "किया ओरा, रवींद्र," त्यांनी माओरीत नमस्कार केला. त्याचं नाव त्यांनी नीट उच्चारलं, आधी कोणालातरी विचारून घेतलं असावं. मुलाखत वाईट झाली नाही. तो बोलला, त्यांनी ऐकलं. एक तरुण गृहस्थ मात्र सारखे त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि पटकन कागदात बघायचे.

निघताना त्या बाई त्याला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्टचं दार उघडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या डाव्या डोळ्याखाली काहीतरी लागलंय." आणि मग, "माझा नवरा एक वर्ष घरी होता. जिवाला जपा."

लिफ्टमध्ये आरसा होता. उजव्या डोळ्याखालचं सगळं रुमालानं पुसून गेलं होतं. तिथलं काळं उघडं पडलं होतं. डाव्या डोळ्याखालची वरची पुटं निघाली होती आणि नारिंगी तेवढं उरलं होतं, कपाळावरचं कुंकू ओघळावं तसं. एवढा वेळ तो असाच बोलत होता.

संध्याकाळी त्यानं हे ओवीला सांगितलं. लपवून ठेवणार होता, पण तिनं विचारलं, "टिकलं का?" तेव्हा त्याच्याच्यानं राहवलं नाही. ओवी आधी हसली. तोही हसला, त्या तरुण गृहस्थांची नजर कशी वरखाली होत होती ते करून दाखवलं. हसता हसता ती रडायलाच लागली.

"अगं, काय झालं? त्यात काय एवढं?"

"माझ्यामुळे झालं. आय शुड हॅव यूज्ड द वॉटरप्रूफ वन."

"वेडी आहेस का तू?"

मग खरं कारण बाहेर आलं. रडणं नुसतं त्या रंगापायी नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीलाच तिनं फिजिक्स सोडून दिलं होतं आणि त्याऐवजी पेंटिंग घेतलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. बाबाची नोकरी गेली, आई थकून येते, त्यात हे कुठे सांगायचं, असं तिला वाटलं. रोज संध्याकाळी सुलभा अभ्यासाचं विचारायची आणि ही "गुड" म्हणायची.

रवींद्रला राग यायला हवा होता. त्यानं स्वतःच तिच्यासाठी इंजिनीअरिंगचं स्वप्न पाहिलं होतं. पण समोरची मुलगी घाबरली होती, आणि ते घाबरणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यानं तिला जवळ घेतलं. "आईला सांग," तो म्हणाला. "मी बरोबर बसतो."

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. सुलभा खूप बोलली. पेंटिंगचं नाही, ती म्हणाली, मला रोज तोंडावर खोटं ऐकायला लागलं त्याचं वाईट वाटतंय. दोन-तीन दिवस घरात नुसता चमच्यांचा आवाज. शेवटी शनिवारी सुलभा स्वतःच ओवीच्या खोलीत गेली, तिची चित्रं मांडीवर घेऊन एकेक पाहत बसली आणि एका चित्राशी थांबून म्हणाली, "हे कोण, बाबा?" ते रवींद्रचं होतं, खिडकीपाशी डोळे मिटून बसलेला. डोळ्यांखाली निळा, जांभळा, नारिंगी असे सगळे रंग घातले होते.

मुलाखतीचा नकार शुक्रवारीच येऊन गेला होता.

रविवारी दुपारी ओवी पिशवी घेऊन आली नाही. रवींद्र खुर्चीत येऊन बसला तेव्हा ती हात मागे बांधून उभी होती.

"मी सांगितलं आईला," ती म्हणाली. सबंध वाक्य मराठीत. "आता तू."

त्यानं फोन लावला. चिंचवडला सकाळ होती. आई अंघोळ-पूजा आटोपून, धुवट साडी नेसून तयारच बसली होती. शेजारी नीता भाजी निवडत होती. आईनं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"अगं बाई. पुन्हा काळं झालं."

"आई, ते गेलंच नव्हतं," रवींद्र म्हणाला. "ओवी रंग लावून झाकायची. मला झोप लागत नाही. माझी नोकरी गेलीय. बरेच महिने झाले."

आईनं मोबाइल थोडा लांब धरला. नीताचे हात थांबले.

"नीता, तुला माहीत होतं?" आईनं मान न वळवता विचारलं.

"तुझं बीपी..."

"माझ्या बीपीला मी बघते." मग तिनं पुन्हा मोबाइलमध्ये पाहिलं. "रवी, तुझ्या बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा तू आठवीत होतास. सगळे कामगार घरी बसले होते. हे मला सांगून घरी बसले होते. मी पापड लाटले, ह्यांनी ते सायकलवरून दुकानांत पोचवले. तुला तेव्हा वाटलं, बाबांना पापडाचा धंदा करायची हौस आली."

"आठवतंय मला."

"मग मी काय काचेची आहे का? मला कशाला झाकून दाखवायचं?" तिचा आवाज इथे हलला. तिनं पदरानं डोळे पुसायला हात वर नेला आणि डॉक्टरांनी चोळायचं नाही म्हणून सांगितलंय हे आठवून तसाच खाली घेतला. "मी त्या बायकांना सांगत सुटले, मुलाच्या चेहऱ्यावर तेज आलंय म्हणून."

"चुकलं माझं, आई."

"जेवतोस ना वेळेवर?"

"जेवतो."

"दुपारी झोपत जाऊ नकोस, म्हणजे रात्री लागेल. आणि फोन रोज कर. रविवारचं एवढं काय आहे? आता काय, वेळच वेळ आहे तुला."

यावर दारातून ऐकणाऱ्या सुलभाला हसू फुटलं. मग आईही हसली, डोळ्यांत पाणी असताना. जरा वेळानं म्हणाली, "ओवी कुठाय? तिला बोलव. रंग लावते म्हणजे काय लावते गं?"

ओवी पुढे झाली. तिनं पिशवी आणली, कॅमेऱ्यासमोर बसली आणि स्वतःच्याच एका डोळ्याखालचं सगळं पुसून काढलं. रोजच्या झाकलेल्या चेहऱ्याची ती मुलगी आजीसमोर, बापासमोर अर्ध्या उघड्या चेहऱ्यानं बसली आणि दोन्ही बाजू दाखवत समजावून सांगायला लागली. शब्द अडत होते. करेक्टरला मराठीत काय म्हणायचं ते तिला येईना, आजी म्हणाली, "नारिंगी पुट म्हण, मला कळतंय." थापटायचं, घासायचं नाही, हे तिनं तीनदा सांगितलं. आजीनं आपल्या डोळ्यांखाली तसंच बोट थापटून पाहिलं.

"तुझे डोळे माझ्यावर गेलेत," आजी म्हणाली. "मी तरुणपणी हळद-साय लावायचे. काही उपयोग झाला नाही." आणि मग, जरा संकोचून, "हे किती वेळ टिकतं गं? नीताच्या जावेच्या मुलाचं लग्न आहे पुढच्या महिन्यात."

त्यानंतरही रवींद्रला लगेच काम मिळालं नाही. अर्ज जात राहिले, नकार येत राहिले. पण तो रोज सकाळी चालायला जायला लागला, मंडळातल्या लोकांचे फोन उचलायला लागला. "काय, कसं चाललंय?" असं कोणी विचारलं की "नोकरी शोधतोय" म्हणून सांगायला लागला. त्यातूनच कोणीतरी कोणालातरी सांगितलं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पोरिरुआमधल्या एका लहानशा कंपनीत तो लागला. शाळांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम. पद पहिल्यापेक्षा खालचं, साहेब वयानं बराच लहान आणि सतत शॉर्ट्समध्ये. पण शाळेत गेलं की पोरं भोवती जमतात, बंद पडलेलं काहीतरी सुरू करून दिलं की ओरडतात, आणि रवींद्रला ते आवडतं. मागे राहणाऱ्या माणसाला असं कोणी कधी ओरडून दाद दिलेली नव्हती.

आईला त्यानं त्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता तरी झोपशील." झोप बऱ्यापैकी लागते. डोळ्यांखालचं काळं थोडं कमी झालं, पण गेलेलं नाही. घराण्यातलं ते कुठे जाणार. ओवी शाळेला कधी लावून जाते, कधी तशीच जाते.

रविवारी दुपारी आता रवींद्र तिला गाडी शिकवतो. जॉन्सनव्हिलच्या चढावर थांबून पुन्हा निघायचं तिला नीट जमत नाही. गाडी मागे सरकते, ती "बाबा, बाबा" करते. तो शेजारच्या सीटवर शांत बसलेला असतो. "घाई नाही," तो म्हणतो. "ब्रेक हळू सोड. समोर बघ." मागे एखादी गाडी येऊन थांबते, हॉर्न न वाजवता वाट बघते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला ती चढ चढून जाते.